काट्यावर उभे केलेले मूल

मी पंधरा वर्षे ऊस मोजला. इंदापूर तालुक्यात राहून एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होतो. भरलेली बैलगाडी किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली काट्यावर येई, आकडा दिसे, पावती फाटे. गव्हाणीत ऊस उतरवून रिकामी गाडी परत आली की तिचे वजन वजा होई. या पंधरा वर्षांत माझ्या लक्षात आले की शेतकरी पहिल्या आकड्यावर सहसा विश्वास ठेवत नाही. चाक पूर्ण आत आले आहे का, हे तो वाकून बघतो. काट्याखाली चिखल-पाचट अडकले आहे का, असे विचारतो. गाडी चढण्यापूर्वी काटा शून्यावर होता का, याची खात्री करून घेतो. फारच संशय आला, तर गाडी दुसऱ्या काट्यावर नेऊन वजन करतो. ‘काटा मारणे’ हा शब्दप्रयोग आमच्या भागात उगीच रुळलेला नाही. सही करताना अंगठा उठवणारा म्हाताराही मापनयंत्राची चारही बाजूंनी परीक्षा घेत असे.

या अनुभवाची आठवण मला काही वर्षांपूर्वी एका विज्ञान केंद्रात झाली. केंद्र जिल्ह्याबाहेरचे होते, त्याचे नाव इथे महत्त्वाचे नाही. गावच्या शाळेची सहल निघाली होती आणि सोबतीला एक मोठे माणूस हवे म्हणून गुरुजींनी मला बसमध्ये घेतले होते. त्या केंद्रात खेळांच्या विज्ञानाचा एक कोपरा होता. साऱ्या सहलीत मुले सर्वांत जास्त वेळ तिथेच रमली. दिवा लागताच बटण दाबायचे यंत्र होते, उडीची उंची सांगणारी चटई होती, नळीत फुंकून फुप्फुसांची ताकद अजमावायची सोय होती आणि मुठीची पकड मोजणारा दांडा होता. प्रत्येक यंत्रावर लाल अक्षरांत आकडा झळके.

आमच्या शाळेच्या खो-खो संघातली एक मुलगी दिव्याच्या यंत्रापुढे उभी राहिली. संघातली सर्वांत चपळ मुलगी ती. दिवा लागला, तिने बटण दाबले, आकडा आला. खाली मराठीत पाटी होती : ‘आपला प्रतिसाद वेळ सरासरीपेक्षा जास्त आहे.’ तिला वाटले, जास्त म्हणजे चांगले. मागच्या मुलाने खुलासा केला, “जास्त म्हंजी तू हळू हायेस.” तिने आणखी दोनदा बटण दाबले. मग ती बाजूला झाली आणि परतीच्या बसमध्ये मला म्हणाली, “काका, मी खरंच हळू हाय का?”

त्याच कोपऱ्यात दुसरी घटना घडली. उडीच्या चटईवर एका मुलाने तीन-चार उड्या मारल्या आणि त्याला एक युक्ती सापडली. हवेत असताना गुडघे पोटाशी घेतले की आकडा वाढतो. त्याने ती मित्रांना दाखवली आणि बघता बघता सगळ्यांचे आकडे वाढू लागले. देखरेखीला असलेल्या माणसाने त्यांना दटावले, “चीटिंग करू नका, नीट उडी मारा.” मुले पांगली.

त्या दिवशी त्या दालनात विज्ञान नेमके कुणी केले, हा प्रश्न घेऊन मी घरी आलो. पुढची काही वर्षे जमेल तसे वाचत राहिलो. माझे औपचारिक शिक्षण बारावीपर्यंतचे, त्यामुळे पुस्तके शोधण्यापासून सुरुवात होती. हा लेख म्हणजे त्या वाचनाचा आणि गावात करून पाहिलेल्या थोड्या खटाटोपाचा हिशेब आहे.

तीन पेनींचे तिकीट

माणसाने यंत्रापुढे उभे राहावे, जोर लावावा आणि आपला आकडा घेऊन जावे, ही कल्पना अलीकडची असावी असे मला वाटत होते. ती निघाली १८८४ सालची. त्या वर्षी लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात आंतरराष्ट्रीय आरोग्य प्रदर्शन भरले होते. त्यात फ्रान्सिस गाल्टन या विद्वानाने ‘मानवमिती प्रयोगशाळा’ मांडली. प्रेक्षकाने तीन पेनी भरायचे आणि एका लांबट, अरुंद दालनातून एकेक यंत्र करत पुढे सरकायचे. उंची, वजन, दोन्ही हात पसरल्यावरची लांबी, श्वासाची क्षमता, पकडीचा आणि ओढण्याचा जोर, ठोशाचा वेग, नजर, श्रवण अशी एकूण १७ मोजमापे होत. शेवटी हाती एक कार्ड मिळे. प्रदर्शन संपेपर्यंत ९,३३७ माणसे त्या दालनातून गेली.

ठोशाच्या यंत्रात एक लाकडी दांडी होती. पुष्कळांना ठोसा सरळ मारता येईना, दांडी मोडे आणि मनगटे मुरगळत. गाल्टनला याचे आश्चर्य वाटले. त्याच्या दृष्टीने लोक अडाणीपणाने मारत होते. यंत्रच विचित्र रीतीने ठोसा मागत असेल, ही शक्यता त्याने फारशी मनावर घेतली नाही.

या दालनाची दुसरी बाजू अशी की कार्डाची एक प्रत प्रेक्षकाला मिळे आणि दुसरी गाल्टन ठेवून घेई. काट्यावर काम केलेल्या माणसाला इथे लगेच प्रश्न पडतो, की पावती दोन प्रतींत का फाटते? उत्तर सरळ आहे. प्रदर्शनाला आलेले लोक पैसे देऊन गाल्टनच्या अभ्यासाची सामग्री होत होते. माणसामाणसांतला फरक मोजावा, त्यांची चढती-उतरती रांग लावावी आणि वरच्यांची प्रजा वाढावी, हा त्याचा विचार होता. ‘युजेनिक्स’ म्हणजे सुप्रजननशास्त्र हा शब्द त्यानेच १८८३ साली, म्हणजे या प्रदर्शनाच्या आदल्या वर्षी, घडवला होता. पुढच्या शतकात त्या शब्दाच्या नावाखाली काय काय झाले, ते वाचकांना सांगायला नको.

आजच्या विज्ञान केंद्रांचा त्या विचाराशी संबंध आहे, असे मी म्हणणार नाही. ती मांडणाऱ्यांच्या मनातही तसे काही नसते. परंतु यंत्रांची यादी पाहा : पकड, श्वास, वेग, नजर. ती जवळजवळ तीच आहे. मांडणीही तीच आहे. माणूस एकटा उभा राहतो, यंत्र मोजते आणि सरासरीच्या वर की खाली ते सांगते. विचार गेला तरी सांगाडा राहिला. सांगाडा राहिला की त्याची जुनी सवयही थोडीफार राहते. बसमध्ये मला विचारला गेलेला प्रश्न हे त्या सवयीचे फळ होते.

नापास न होण्याची जागा

विज्ञान केंद्रांची दुसरीही एक परंपरा आहे आणि ती मला अधिक जवळची वाटते. अणुबॉम्बशी ज्याचे नाव जोडले गेले त्या रॉबर्ट ओपनहायमरचा धाकटा भाऊ फ्रँक हाही पदार्थवैज्ञानिक होता. अमेरिकेतील कम्युनिस्टविरोधी लाटेत त्याची विद्यापीठातली नोकरी गेली आणि तो कोलोरॅडोमध्ये गुरे पाळू लागला. पुढे तिथल्याच पगोसा स्प्रिंग्ज या लहान गावच्या शाळेत त्याने विज्ञान शिकवले. भंगारात पडलेल्या वस्तू हे त्याचे प्रयोगसाहित्य होते. या माणसाने १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोत ‘एक्सप्लोरेटोरियम’ सुरू केले. हात लावा, फिरवा, बदलून बघा, अशी ती जागा होती. तिथल्या प्रयोगमांडण्या कशा तयार करायच्या याच्या कृती स्वयंपाकाच्या पुस्तकासारख्या छापून त्यांनी जगाला मोकळ्या केल्या. शाळेत मूल नापास होऊ शकते, संग्रहालयात कुणी नापास होत नाही, असे फ्रँक ओपनहायमर म्हणत असे.

आपल्याकडेही ही परंपरा लवकर रुजली. कोलकात्याचे बिर्ला औद्योगिक संग्रहालय १९५९ चे, बंगळूरचे विश्वेश्वरय्या संग्रहालय १९६५ चे. खेड्यापाड्यांतून फिरणाऱ्या विज्ञानबसची कल्पनाही साठच्या दशकातलीच. १९७८ मध्ये राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद स्थापन झाली. मुंबईत वरळीला नेहरू विज्ञान केंद्राचे विज्ञान उद्यान १९७९ या आंतरराष्ट्रीय बालक वर्षात खुले झाले आणि पूर्ण केंद्राचे उद्घाटन १९८५ साली. त्या उद्यानात झोका आणि तरफ ही खेळायची साधने होती आणि शिकायचीही. पुण्यात आयुकाच्या आवारातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी काडेपेट्या, सायकलची व्हॉल्व्हट्यूब आणि जुनी वर्तमानपत्रे यांतून खेळणी करून दाखवली. त्यांतले कोणतेही खेळणे मुलाला ‘तू सरासरीपेक्षा कमी’ असे सांगत नाही.

खेळांच्या दालनात मात्र ही परंपरा हळूच बाजूला पडते. झोक्यापुढे मूल विचारते, ‘हा असा का हलतो?’ उडीच्या चटईपुढे ते विचारते, ‘माझे किती आले?’ अमेरिकेत पिट्सबर्गच्या विज्ञान केंद्राने तर क्रीडाविज्ञानासाठी स्वतंत्र इमारत उभारली. जगभर ही दालने गर्दी खेचतात, कारण स्पर्धा कुणाला आवडत नाही? माझी तक्रार गर्दीबद्दल नाही. जिथे कुणी नापास होत नाही असे म्हणायचे, त्याच छताखाली सर्वांत लोकप्रिय कोपरा मुलांना पास-नापास करतो, ही विसंगती मला खटकते.

दिवा, चटई आणि नळी

आता या यंत्रांपुढे आपण शेतकऱ्याच्या नजरेने उभे राहू आणि काटा तपासू.

पहिले यंत्र दिव्याचे. डोळ्याने उजेड पाहून हाताने बटण दाबायला निरोगी माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. आवाज ऐकून तेच काम करायला सेकंदाचे काही शतांश कमी लागतात, कारण डोळ्याच्या पडद्यावर उजेडाचे रासायनिक क्रियेतून संदेशात रूपांतर व्हायला वेळ जातो आणि कानात ते काम अधिक झटपट होते. स्पर्शाचा प्रतिसादही दृष्टीपेक्षा लवकर येतो. धावण्याच्या शर्यतीची सुरुवात आवाजाने होते, दिव्याने होत नाही. मोठ्या स्पर्धांत प्रत्येक धावपटूच्या मागे स्वतंत्र ध्वनिक्षेपक असतो, कारण आवाजाला सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेग असला तरी कडेच्या धावपटूपर्यंत पोचायला त्याला शतांश सेकंदांचा उशीर होतो. इशाऱ्यानंतर ०.१ सेकंदाच्या आत ज्याचा पाय हलला, त्याने इशारा ऐकून सुरुवात केलीच नाही असे मानून त्याला बाद धरतात.

आता खो-खो आठवा. आठ खेळाडू मधल्या पट्ट्यात एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले असतात, नववा पाठलाग करत असतो. तो बसलेल्या खेळाडूच्या पाठीमागून येतो, पाठीला हात लावतो आणि त्याच वेळी ‘खो’ म्हणतो. बसलेल्याला तो दिसत नाही. म्हणजे खो-खोतला उठणारा खेळाडू स्पर्श आणि आवाज या दोन वाटांनी इशारा घेतो. डोळ्याची वाट त्या क्षणी पळणाऱ्यावर लागलेली असते. आमच्या मुलीचे शरीर पाच वर्षे पाठीवरच्या थापेवर घडले होते आणि तिची परीक्षा घेतली दिव्याने. यंत्र खोटे बोलले नाही. त्याने तिच्या खेळाशी संबंध नसलेली गोष्ट मोजली आणि पाटीने त्याला ‘हळू’ असा अर्थ दिला.

दुसरे यंत्र चटईचे. ही चटई उंची मोजतच नाही. ती वेळ मोजते. पाय सुटले तेव्हापासून पाय टेकले तोवरचा वेळ घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, गुरुत्वीय त्वरणाने म्हणजे ९.८ ने गुणायचे आणि आठाने भागायचे, की उंची मिळते. पाय अर्धा सेकंद हवेत राहिले तर सुमारे ३१ सेंटिमीटर. या गणितात एक गृहीत दडले आहे : उडताना शरीर ज्या ठेवणीत होते, त्याच ठेवणीत ते उतरले पाहिजे. गुडघे आखडून उतरले तर पाय उशिरा टेकतात, वेळ वाढतो आणि शरीर तेवढेच वर गेलेले असूनही आकडा फुगतो. ज्या मुलाला दटावले गेले, त्याने सूत्र न कळता सूत्रातले गृहीत शोधून काढले होते. मापनशास्त्रात याला यंत्राची मर्यादा शोधणे म्हणतात आणि त्याबद्दल माणसाला शाबासकी देतात. त्या पाटीवर ‘गुडघे दुमडून उतरून पाहा. आकडा का वाढला?’ एवढी एक ओळ असती, तर तेच यंत्र दालनातले सर्वांत चांगले यंत्र ठरले असते. खर्च एका पाटीचा.

तिसरी नळी. जोरात फुंकले की फुप्फुसांतून किती हवा बाहेर पडते ते ती सांगते. कबड्डीच्या जुन्या खेळाशी ही नळी ताडून पाहा. चढाई करणारा सलग ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत राहतो, कारण शब्द तुटला की श्वास घेतल्याचे उघड होते. आता चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आहे, पण दमाचा नियम कायम आहे. चढाईवाला हवा एकदम सोडत नाही. तो ती शब्दांमधून थेंबाथेंबाने सोडतो आणि तेवढ्यात पळतो, वाकतो, झटापट करतो. श्वास घेण्याची अनावर ओढ मुख्यतः रक्तात साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे लागते. प्राणवायू संपण्याच्या बऱ्याच आधी ती जाणवते. म्हणून दमाच्या खेळात कस लागतो तो या ओढीला सामोरे जाण्याच्या सरावाचा. नळी टाकीचे माप देते. कबड्डीत प्रश्न तोटीचा असतो.

आकडा शरीराचा एकट्याचा नसतो, ही गोष्ट कुस्तीने फार पूर्वी दाखवून दिली आहे. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मॅटवरची कुस्ती त्यांच्या अंगवळणी पडलेली नव्हती. हळद-ताक-तेल मुरवलेल्या तांबड्या मातीत पायाला मिळणारी पकड वेगळी, गादीवरची वेगळी, नियमही वेगळे. तरी ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. १९४८ चा सहावा क्रमांक शरीर, माती, गादी आणि नियम या साऱ्यांचा मिळून होता. तो एकट्या खाशाबांच्या शरीराचा आकडा मानला असता, तर १९५२ उगवलेच नसते.

निवड आणि समज

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. मोजल्याशिवाय खेळाडू घडत नाही. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत प्रवेशासाठी लहान मुलांच्या चाचण्या घेतात. त्यांत उंची-वजनाबरोबर ३० मीटर धाव, शटल रन, मेडिसिन बॉल फेक, उभी उडी, ८०० मीटर धावणे अशी मोजमापे असतात. त्या चाचण्यांतून ग्रामीण भागातली मुले पुढे गेली आहेत. आमच्या भागात तर पोलीस भरतीच्या तयारीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारी पोरे-पोरी रोज दिसतात, त्यांचे सारे आयुष्य १६०० आणि ८०० मीटरच्या वेळेवर टांगलेले असते. त्यांना आकड्याची किंमत मी काय सांगणार?

पण निवडीचे मैदान आणि विज्ञान केंद्र या दोन वेगळ्या जागा आहेत. मैदानावर आकडा शेवटी येतो, कारण तिथे निर्णय घ्यायचा असतो. विज्ञान केंद्रात आकड्यापासून सुरुवात व्हायला हवी. इंग्लंडचे शरीरशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांना स्नायूंवरील कामासाठी १९२२ चे नोबेल मिळाले. ते स्वतः धावत. १९२७ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी धावपटूंच्या अंगावर चुंबकपट्टी बांधली आणि धावपट्टीच्या कडेने तारेची वेटोळी ठेवली. धावपटू वेटोळ्याजवळून गेला की विजेचा हलका झटका नोंदला जाई. कोण जिंकले हे पाहायला तो खटाटोप नव्हता. माणूस वेग कसा पकडतो, तो का टिकवू शकत नाही, दम लागणे म्हणजे स्नायूंत नेमके काय होणे, या प्रश्नांच्या पाठीमागे ते होते. गाल्टन आणि हिल दोघांनीही माणसे मोजली. एकाने माणसांची रांग लावली, दुसऱ्याने थकव्याचे कारण शोधले. विज्ञान केंद्राने यांतल्या कुणाच्या वाटेने जायचे, हे ठरवायला हवे.

दोघांचे यंत्र

या दालनांतली आणखी एक उणीव मला आपल्या खेळांमुळे दिसली. तिथे मूल नेहमी एकटे असते. आपले खेळ दोघांचे किंवा संघाचे आहेत. कुस्ती, कबड्डी, खो-खो यांत समोरचा, पाठीमागचा, शेजारचा माणूस हा खेळाचाच भाग असतो. आपल्या व्यायामपरंपरेची नोंद करण्याचे काम मराठीत मोठ्या प्रमाणावर झाले आहे. बडोद्याहून द. चिं. मुजुमदारांनी ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड काढले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या संघाने १९३६ साली बर्लिनमध्ये आपले देशी खेळ जगाला दाखवले. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, त्यात भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे, महाराष्ट्राचे होते. इतकी सामग्री हाताशी असताना आपल्या खेळांच्या दालनातली यंत्रे आजही पकडीच्या दांड्यापुढे सरकत नाहीत.

आमच्या तालुक्यात तुकोबांची पालखी बारामतीहून येते. बेलवाडीला गोल रिंगण होते. अश्व धावतात, झेंडेकरी धावतात, तुळशी-हंडे घेतलेल्या बाया धावतात आणि मग फुगड्या रंगतात. मी लहानपणापासून त्या पाहत आलो. वाचन वाढल्यावर कळले की फुगडी हा पदार्थविज्ञानाचा देखणा प्रयोग आहे. पावले जवळ, अंग मागे झुकवलेले, हात ताणलेले. वर्तुळात फिरत राहण्यासाठी शरीराला आतल्या बाजूने सतत ओढ लागते आणि ती ओढ जोडीदारणीचे हात पुरवतात. दोघींना लागणारी ओढ सारखीच असते, एक जाड आणि एक बारीक असली तरी. मात्र दोघींची वर्तुळे सारखी नसतात. एकीचे वजन ६० किलो आणि दुसरीचे ४० असेल, तर फिरण्याचा मध्य जड बाईच्या बाजूला सरकतो आणि दोघींची अंतरे २ : ३ अशी पडतात. म्हणून हलकी बाई मोठ्या वर्तुळात गरगरते आणि बघणाऱ्याला वाटते, जड बाई तिला फिरवते आहे. फिरता फिरता हात आखडून अंगे जवळ आणली की गिरकी आपोआप वाढते. विज्ञान केंद्रांत फिरत्या चकतीवर एकटे उभे राहून हात मिटण्याचा प्रयोग असतो, त्यातही हाच नियम दाखवतात. फुगडीत तो दोघींना एकदम कळतो आणि एकीने हात सोडला तर दोघीही पडतात, हेही कळते.

बारामतीत अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या परिसरात सायन्स अँड इनोव्हेशन अॅक्टिव्हिटी सेंटर उभे राहिले आणि २०२२ च्या जूनमध्ये त्याचे उद्घाटन झाले. पूर्वी ज्या गोष्टीसाठी आमच्या मुलांना मुंबई गाठावी लागे, ती आता तासा-सव्वा तासावर आली आहे. ही लहान गोष्ट नव्हे. म्हणूनच मला वाटते की या भागात जेव्हा कधी खेळांच्या विज्ञानाची मांडणी होईल, तेव्हा ती परदेशी यादीवरून उतरवलेली नसावी. तिथे फुगडीची चकती असावी, दोघांनी मिळून फिरवायची. खो-खोचा एक चौरस असावा, जिथे दिवा, आवाज आणि थाप या तिन्हींना मिळणारा प्रतिसाद शेजारी शेजारी पाहता येईल. एक मातीचा आणि एक गादीचा तुकडा असावा, पायाची पकड ताडून पाहायला. आणि प्रत्येक यंत्राखाली, ‘हे यंत्र कसे मोजते आणि कुठे फसते’ हे सरळ मराठीत लिहिलेले असावे.

पट्टी

एवढे सगळे होईपर्यंत थांबायची गरज नव्हती. सहलीनंतरच्या आठवड्यात मी शाळेत गेलो. प्रयोग जगभरच्या शाळांतून करतात तोच, तीस सेंटिमीटरच्या पट्टीचा. एकाने पट्टी उभी धरायची, दुसऱ्याने खालच्या टोकाशी बोटांची चिमट उघडी ठेवायची. पट्टी सुटताच पकडायची आणि किती सेंटिमीटर घसरली ते वाचायचे. १० सेंटिमीटर म्हणजे ०.१४ सेकंद, १५ म्हणजे ०.१७ पेक्षा किंचित जास्त, २० म्हणजे ०.२०, २५ म्हणजे सुमारे ०.२३. अंतर दुप्पट झाले तरी वेळ दुप्पट होत नाही, हे मुलांनीच आधी पाहिले आणि मग गुरुजींनी फळ्यावर त्याचे कारण मांडले. पट्टी पडता पडता वेग घेते.

नंतर आम्ही डोळे मिटून तोच खेळ खेळलो. पट्टी सोडणारा त्याच क्षणी दुसऱ्या हाताने पकडणाऱ्याच्या खांद्यावर थाप देई आणि ‘खो’ म्हणे. त्या मुलीने डोळे मिटून पट्टी पकडली. ती उघड्या डोळ्यांनी पकडली होती त्याहून कमी घसरल्यावर पकडली होती. वर्गात एकच गलका झाला.

मी मनातून सुखावलो होतो. तेवढ्यात तीच मुलगी म्हणाली, “पण काका, ही थाप आधी देती आन् पट्टी मागनं सोडती. मग माझं कमी येणारच की.”

तिचे बरोबर होते. दोन हातांनी दोन कामे अगदी एका क्षणी होत नाहीत आणि आमच्या प्रयोगात तीच चूक होती. आकडा तिच्या बाजूचा असूनही तिने काटा तपासला होता. मग थाप आणि पट्टी एकदम कशी सुटेल, यावर वर्गात बराच वेळ वाद चालला. एकाने सुचवले की ज्या हातात पट्टी आहे त्याच हाताचे कोपर खांद्याला लागू द्यावे. दुसरी म्हणाली, पट्टीला दोरा बांधावा आणि दोऱ्याचे दुसरे टोक पकडणाऱ्याच्या दंडाला, म्हणजे पट्टी सुटली की दोराच सांगेल. गुरुजींनी तास संपल्याची घंटा वाजू दिली आणि कुणालाच बाहेर सोडले नाही.